पिवळी गुढी आणि न्ताते मोखेथींचा गहू

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीत जमलं नाही ते आजवर जमलेलं नाही. वाचणाऱ्यानं राग मानू नये. खरं तर कुणी वाचावं म्हणून लिहीतच नाही. आफ्रिकेहून परत आल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या. "सांग की गं, काय काय बघितलंस?" म्हणाल्या, आणि मी चहा ठेवायला आत गेले ती बाहेर आलेच नाही. चार माणसं समोर बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण जे बघितलं ते पोटात मावेना, म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव नेसरीजवळ. माझी लेक सुजाता लेसोथो नावाच्या देशात राहते. तो देश चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे आणि सगळा डोंगरच डोंगर. जावई संतोषराव तिथे धरणाच्या कामावर मोठं मशीन चालवतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण डॉक्टरांनी सुजाताला विमानात बसू नको म्हणून सांगितलं. मग माहेरच उठून तिच्याकडे जायचं ठरलं. घरचे म्हणाले, "म्हशींचं मी बघतो. तू जा. आयुष्यात गडहिंग्लजच्या फुडं एकटी गेली न्हाईस, आता एकदम समुद्रापल्याड जा."

मी डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा, कांदा-लसूण चटणी आणि गुळाची एक आख्खी ढेप बांधून घेतली. गूळ बघून मुंबईच्या विमानतळावरच्या पोरीनं विचारलं, "मावशी, दगड आहे का?" मी नुसती मान हलवली. नंतर कळलं की होय म्हटल्यासारखी हलली होती. तिनं सगळी पिशवी उपसली. मला घाबरलं की मान हलवायची सवय आहे. ती पुढे चांगलीच भोवली, ते येईलच.

विमानात मला खिडकी मिळाली. शेजारचा गृहस्थ सगळी वाट झोपला, मी डोळ्याला डोळा लावला नाही. ढग खाली आणि आपण वर, हे बघायला मिळालं असताना झोपायचं कसं?

जोहान्सबर्गला संतोषराव भाड्याची गाडी आणि गाडीवाला घेऊन आले होते. लेसोथोची हद्द ओलांडली आणि घाट सुरू झाले. आंबोलीचा घाट मी पाहिलेला आहे, पण तिथं झाडी असते. इथं डोंगराला झाडच नाही. नुसतं पिवळट गवत, आणि वरती कापून ठेवल्यासारखे काळे कडे. एक डोंगर चढून गेलं की त्याच्या मागं त्याहून मोठा. ढगांच्या सावल्या त्यावरून चालत जाताना दिसायच्या. माणसं घोड्यावरून जायची, अंगावर जाडजूड रंगीत घोंगड्या. बाप्यांची घोंगडी खांद्यावर अडकवलेली, बायकांची छातीशी. मी काचेला नाक लावून बसले होते. संतोषराव गाडीत बसल्या बसल्या झोपले, नाहीतर त्यांनाही प्रत्येक घोडा दाखवला असता.

वाटेत वस्त्या लागायच्या. गोल घरं, गवताचं छप्पर. काही घरांपुढं उंच काठीला पांढरं नाहीतर पिवळं फडकं लावलेलं. मला वाटलं, देवाचं ठाणं असणार. आपल्याकडं देवळावर निशाण असतं तसं. मी प्रत्येक निशाणाला हात जोडत गेले. गाडीवाला आरशातून बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. मला वाटलं, परक्या बाईची भक्ती बघून माणसाला बरं वाटत असेल.

मोखोटलोंग जिल्ह्यातल्या त्या गावी पोचलो तेव्हा सुजाता दारात बाळाला घेऊन उभी होती. माझे कागद व्हायला उशीर झाला, तोवर बाळ महिन्याभराचं झालं होतं. मी आधी बाळाला बघितलं, मग लेकीला बघितलं, मग घराच्या मागचा डोंगर बघितला आणि कशासाठी रडू येतंय ते मला कळेना.

"आई, रडतीस काय? थंडी वाजाय लागली काय?" सुजी म्हणाली.

"व्हय, थंडीच हाय," मी म्हणाले.

शेजारी मामेलो नावाची बाई राहायची. तिथं बाईला मान देऊन म्मे (आई) म्हणतात आणि पुरुषाला न्ताते (बाबा). म्मे मामेलो माझ्याच वयाची, आवाज असा की खालच्या ओढ्यावरून बोलली तरी आमच्या चुलीपाशी ऐकू यावं. ती मला न्खोनो (आजी) म्हणायची. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती, तरी आम्ही दोघी बोलत बसायचो. ती मला पापा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि मोरोहो (चिरून शिजवलेली पालेभाजी) आणून द्यायची. मी त्यावर आपली चटणी टाकून दिली तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिनं वाटी पुन्हा पुढं केली. एके दिवशी तिनं मोतोहो आणलं. एक घोट घेतला आणि मी सुजीकडं बघतच राहिले. जोंधळ्याची आंबील होती ती.

"आपलीच की गं ही."

"मग? जगात जोंधळा काय नेसरीतच पिकतोय व्हय?" सुजी म्हणाली.

पाडवा आला. तिथं सगळं उलटं. आपल्याकडं पाडव्याला ऊन तापतं, तिथं पहाटे गवतावर पांढरं दहिवर पडायचं. संतोषराव आठवडाभर कामावरच्या छावणीत असायचे. सुजी सकाळीच बाळाला टोचून आणायला दवाखान्यात गेली. म्हटलं, ती येईपर्यंत गुढी उभारून ठेवावी. कळक नव्हता, सरळशी लांब काठी घेतली. कडुलिंब नव्हता, दारातल्या पीचच्या झाडाचा डहाळा बांधला. गाठी मी गावाकडून आणलीच होती. खण शोधला तर हळदीच्या रंगाचा मिळाला. वर तांब्या पालथा घातला. त्या निळ्या आभाळापुढं पिवळा खण फडफडला तेव्हा मला वाटलं, आता आपल्या माणसाचं घर दिसतंय खरं.

थोड्या वेळानं एक म्हातारा घोड्यावरून आला. हिरवी घोंगडी, घोड्याच्या कपाळावर पांढरा टिळा. खाली उतरला, गुढीकडं बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. माझं मन भरून आलं. परमुलखातला माणूस, पण देवापुढं टोपी काढली. मी पदर सावरून उभी राहिले. तो गुढीकडं बोट करून काहीतरी बोलला. मी मान हलवली. त्यानं दोन्ही हात पसरून केवढं तरी मोठं दाखवलं. म्हटलं, सण मोठा आहे का विचारतोय. मी मान हलवली. डोंगराच्या पलीकडं हात केला, बोटं दाखवली, विळा चालवल्यासारखं केलं. मी हलवतच राहिले. मग त्यानं नोटांची घडी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. आपल्याकडं देवापुढं ठेवतात तसे पैसे, असं समजून मी ते घेतले, गुढीपुढं ठेवले, वर हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्या हातावर गाठीचा तुकडा ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला, जरा थांबला, मग खूश होऊन घोड्यावर बसून निघून गेला.

पाठोपाठ आणखी तिघं आले. त्यांनीही पैसे ठेवले, गाठी खाल्ली, पण ते जाईनात. अंगणात ऐसपैस बसले. एकाच्या हातात रिकामा डबा. मी पाणी दिलं. त्यांनी पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आपल्या गावात मी पुरुष माणसांपुढं अशी कधी उभी राहिलेली नाही. मी आत जाऊन दाराच्या फटीतून बघत बसले.

सुजी आली ती म्मे मामेलोबरोबरच. अंगणातली माणसं बघितली, काठी बघितली आणि मटकन पायरीवर बसली.

"आई, ह्ये काय करून ठेवलंयस?"

"गुढी हाय. आज पाडवा न्हवं?"

"अगं, हितं काठीला पिवळं फडकं लावलं म्हंजे त्या घरात मक्याची दारू मिळती. पांढरं लावलं तर जोंधळ्याची. तू गुत्ता उघडलायस."

मी म्हणाले, "मग मी वाटंत हात जोडत आले ते?"

"कशाला जोडलेस?"

मी सांगितलं. म्मे मामेलोला सुजीनं समजावल्यावर ती भिंतीला धरून इतकी हसली की बाळ दचकून उठलं. तिघांचे पैसे तिथंच परत केले, वर गुळाचा एकेक खडा दिला. ते बिचारे हसत गेले. राहिला घोड्यावरचा म्हातारा. मी त्याचं वर्णन सांगितलं तसं मामेलोचं हसू थांबलं.

तो न्ताते मोखेथी, डोंगरापलीकडच्या वस्तीतला. पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याच्याकडं लेत्सेमा होता. म्हणजे आपल्याकडचा पैरा. गावानं येऊन गहू कापून द्यायचा, मजुरी घ्यायची नाही, फक्त घरधन्यानं पोटभर खायला आणि प्यायला घालायचं. त्याची बायको दारू गाळायची, ती गेल्या थंडीत वारली. म्हणून तो पिंपभर विकत घ्यायला निघाला आणि त्याला माझी गुढी दिसली. आता त्यानं सगळ्यांना सांगितलं असणार. प्यायला नाही म्हटल्यावर माणसं येणार नाहीत, आणि उभ्या गव्हावर एखादी गारपीट झाली की संपलं. नवीन दारू गाळायला तेवढे दिवसही नव्हते.

मी गुढीपुढच्या नोटा हळदकुंकू झटकून पदरात बांधल्या. मी महिन्याभरानं गावी जाणार होते, सुजीला मात्र तिथंच राहायचं होतं. ओढ्यावर, दुकानात, दवाखान्यात कुणी म्हणालं, हिच्या आईनं म्हाताऱ्याचे पैसे गिळले, तर ते मी नेसरीत बसून कसं पुसणार?

"मी जाऊन देऊन येते," मी म्हणाले.

सुजी माझ्याकडं बघतच राहिली. "तू? तू गावात किराणा आणाय जायचं म्हटलं तरी शेजारच्या काकूला धाडतीस."

"म्हणून काय झालं? मामेलो हाय की संगं."

दुसऱ्या दिवशी मामेलोनं भावाचं तट्टू आणलं. मी साडी खोचून वर बसले. आधी भीतीनं डोळे मिटले होते, पण डोंगराच्या धारेवर आल्यावर उघडले ते मिटलेच नाहीत. दोन्ही बाजूंना दऱ्या, खाली सुतासारखी नदी, आणि उतारावर पिकलेल्या गव्हाचे पिवळे तुकडे. इतक्या उंचावर माणसं नांगर कसा चढवत असतील? पलीकडं उतरताना ओढ्यात तट्टू एकदम थांबलं आणि मान खाली घालून पाणी पिऊ लागलं. मी पुढं घसरले, पाण्यात उतरले. माझी एक कातडी कापशी चप्पल वाहून गेली. मामेलो काठाकाठानं पळाली, पण चप्पल तिच्याहून जोरात होती. शेवटी तिनं एका घरातून रबरी बूट मागून आणले. मी साडी, मामेलोची घोंगडी आणि गुडघ्यापर्यंत काळे बूट अशा थाटात न्ताते मोखेथींच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

त्यांचं घर आतून शेणानं सारवलेलं, स्वच्छ. मी सारवणाकडं बघत बसले, तोवर मामेलोनं सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी नोटा दोन्ही हातांनी पुढं धरल्या. त्यानं हात मागं बांधले. मग मामेलोनं सुजीला फोन लावून आवाज मोठा केला.

"आई, त्यो पैसे घेत न्हाय म्हणतोय."

"का गं?"

"पैसे घेतलं म्हंजे सौदा मोडला. परवा माणसं आली की त्यांच्या फुडं नोटा शिजवून वाढू काय, म्हणतोय."

"त्याला म्हणावं, माझी चूक झाली. मला ठाऊक न्हवतं."

पलीकडून थोडा वेळ त्यांची भाषा चालली. "त्यो म्हणतोय, तू मान हलवलीस का न्हाई?"

"हलवली."

"किती येळा?"

मी बोटं मोजायला लागले.

"त्यो म्हणतोय, एवढी मान त्याच्या लग्नात बायकोनं बी हलवली न्हवती."

मामेलो तोंडावर हात धरून हसायला लागली. म्हाताऱ्याच्या मिशाही हलल्या. मला तेवढा आधार पुरला. मी म्हणाले, "सुजे, त्याला विचार, आंबील चालंल का? मामेलोकडं विरजण हाय. पिंपभर करून आणते. आपल्याकडं पैऱ्याला कुणी दारू देत न्हाय, तरी माणसं येत्यात. आणि मला विळा धरता येतो म्हणून सांग."

म्हातारा उठला, भिंतीत खोचलेला विळा काढून माझ्या हातात दिला आणि दाराबाहेरच्या गवताकडं बोट केलं. मी बसले, मूठ धरली आणि बुडातून कापून पेंढी बांधून त्याच्या पायाशी ठेवली. त्यानं पेंढी उचलून गाठ ओढून बघितली.

"ये म्हणतोय," सुजी फोनवर म्हणाली. "पैशाचं मागनं बघू म्हणतोय."

मी आणि मामेलोनं मोठ्या पिंपात मोतोहो घातलं. आंबट झालं, पण नुसती आंबील बघून पुरुष माणसं तोंड वाकडं करतील असं वाटत होतं. मी गुळाची उरलेली सगळी ढेप फोडली. गूळ सुजीच्या बाळंतपणासाठी होता. ती म्हणाली, "घाल. मला मेला गोड खाऊन खाऊन कंटाळा आलाय." खोटं बोलत होती. मी ढेप आत टाकली.

पिंप गाढवावर लादून आम्ही पहाटेच गेलो. माणसं जमली होती. पिंपाचं झाकण उघडलं, एकानं वास घेतला आणि काहीतरी बोलला तसे सगळे हसले. दोघं जण घोंगड्या खांद्यावर टाकून सरळ घरी निघून गेले. मी झाकण पुन्हा पिंपावर ठेवायला लागले. तेव्हा एका लठ्ठ बाईनं वाडगा भरून घेतला, एका दमात संपवला, पुन्हा भरला आणि जाणाऱ्या दोघांच्या पाठीवर ओरडून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मामेलोनं मला खुणेनं सांगितलं, ते लिहिता येण्यासारखं नाही. पण बाकीचे थांबले.

मग सगळे ओळीनं उभे राहिले आणि गाणं सुरू झालं. एक जण म्हणायचा, बाकीचे उचलायचे, आणि विळे त्याच ठेक्यावर चालायचे. मला शब्द येत नव्हते, पण ठेका हातात आला. डाव्या मुठीत गहू, उजव्या हातात विळा, पाठीवर कोवळं ऊन, आणि समोर ते भलेमोठे डोंगर. मी किती माणसांत उभी आहे हे मला दुपारपर्यंत आठवलंच नाही. जेवायला बसल्यावर आठवलं, पण तोवर लठ्ठ बाईनं मला आपल्या शेजारी ओढून बसवलं होतं आणि माझ्या ताटलीत मटणाचा तुकडा टाकला होता. आंबील संध्याकाळच्या आत संपली.

गहू मात्र संपला नाही. ते दोघं गेल्यामुळं वरचा तुकडा उभाच राहिला. निघताना मी पुन्हा नोटा पुढं केल्या. म्हाताऱ्यानं नाही म्हणून डोकं हलवलं. सुजी फोनवर म्हणाली, "सगळा गहू घरात आला की घेईन म्हणतोय. आज घेतलं तर तू परत कशाला येशील, म्हणतोय. आई, म्हातारा लई बिलंदर हाय."

मग काय, मी पुन्हा गेले. त्यानंतरही गेले. एकदा सुजीही बाळाला पाठीला बांधून आली, तिथल्या बायका बांधतात तसं. मामेलोनंच तिला बांधून दिलं. पण मध्ये पावसाची झड आली, कापणी अडली, आणि माझा परत जायचा दिवस येऊन ठेपला. वरच्या तुकड्यात गहू अजून उभा होता. नोटा सुजीच्या हातात देऊन मी गाडीत बसले. मामेलो गाडीबरोबर वळणापर्यंत चालत आली. वाटेत परत ती निशाणं लागली. या वेळी गाडीवाला मुद्दाम हळू चालवत होता.

घरी आले. म्हशींनी ओळखलं. घरचे म्हणाले, "काय आणलंस?" मी रबरी बूट दाखवले, ज्यांचे होते त्यांनी ते परत घेतलेच नव्हते. पण मनातून ते उभं पीक जाईना. इथं उन्हात भाकरी थापताना वाटायचं, तिथं आता गारपीट झाली असेल. सुजीनं फोन केला की मी आधी बाळाचं विचारायचे आणि लगेच गव्हाचं. "अजून न्हाय, आई," ती म्हणायची. लांबच्या गावाला गेलं की नवलाचं बघायला मिळतं, असं मी ऐकून होते. लांबच्या गावातली काळजीही बरोबर घरी येते, हे कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या काळजीचं मला ओझं वाटलं नाही. आपलं एक शेत तिकडं आहे, असं वाटायचं.

काल दुपारी सुजीचा फोन आला. बाळाचा आवाज नव्हता, एका घोड्याचं फुरफुरणं ऐकू येत होतं.

"आई, मोखेथीबाबा आल्यात. सगळा गहू मळून घरात गेला. दारात घोडा बांधून चहा प्यायला बसल्यात. एक पिशवी गहू बी आणलाय."

"आणि पैसे?"

"थांब, देते. तू ऐक."

नोटांचा आवाज मला इथं ऐकू आला. म्हातारा एकेक नोट मोजत होता. मोजून झाल्यावर दोन शब्द बोलला.

"काय म्हणाले?"

"पुरं हाईत म्हणाले, आई. सगळं फिटलं."